उलटी बाजू

सकाळी साडेसहाला ओसाकात दहा वाजतात.
त्याच वेळी आमच्या पेठेत, चार दिवसांआड,
नळाला पाणी येतं.
मोरिवाकीसान स्क्रीनवर वाकून नमस्कार करतात
आणि मी माइक बंद करून ओरडते,
नायना, मोटर लावा!

अक्कलकोट रोडवर, बंद पडलेल्या टॉवेल कारखान्याच्या माडीवर
आम्ही अठरा जण
एका जपानी खेळातलं शहर बांधतो आहोत.
पाचवं वर्ष.
नायक निघालाय जग वाचवायला,
वाटेत त्याला हे शहर लागतं,
इथे तो जेमतेम चाळीस मिनिटं थांबतो.

सहाशे बारा दारं आहेत शहराला.
उघडतात नऊ.

कारण दार उघडायचं म्हणजे
आत खोली लागते, खोलीत खाट, खाटेवर माणूस,
माणसाला तोंड, तोंडात चार वाक्यं,
ती अकरा भाषांत न्यायची,
जर्मन वाक्य चौकटीत मावलं नाही की चौकट रुंद करायची,
नायक रात्री आला तर माणूस झोपलेला हवा,
गाव जळाल्यावर आला तर रडणारा,
आणि कुणी मुद्दाम त्याच्या खाटेवर उड्या मारत बसलं
तर पाय लाकडात रुतता कामा नयेत.
हे तपासायला मुमताज नदाफ
तीन दिवस नुसत्या उड्या मारते.

नायिकेच्या केसांवर चार महिने गेले.
चिलवेरी म्हणतो, तेवढ्यात माझ्या बहिणीचं
बघणं, ठरणं, लग्न, सगळं उरकलं.
तिसऱ्या वर्षी इंजिन बदललं
तेव्हा आम्ही केलेला समुद्र फेकून दिला.
समुद्र.
तिकडे खर्चाचा आकडा फुगत गेला,
इकडे दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या.

एकदा नायना डबा घेऊन आले.
तीस वर्षं जेकॉर्डची कार्डं टोचलेला माणूस,
आखलेल्या कागदावर एकेक चौकोन भरत मोर उठवायचा.
माझे चौकोन त्यांना परके वाटले नाहीत.
चष्मा वर सारून विचारलं,
या घराच्या मागं काय?

मी माउसने घर फिरवलं.
भिंतच गेली.
मागं काही नाही, नायना.
दिसत नाही ते काढून टाकतो, यंत्राला भार होतो.
अंधार तरी ठेवायचा होता की.
अंधारालाही पैसे पडतात.

बराच वेळ गप्प.
मग बोटाची शेंगाचटणी पुसत म्हणाले,
आपल्या चादरीला उलटी बाजू नसते.
इकडे पांढऱ्यावर लाल मोर, तिकडे लालवर पांढरा.
गिऱ्हाईक पालथी पांघरू दे नाहीतर उताणी.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी मोरिवाकीसानांना विचारलं,
एक दहावं दार. विणकराचं घर.
किती दिवस?
अकरा.
त्यांनी डोळे चोळले.
मागे त्यांच्या ऑफिसात टेबलाखाली कुणी झोपलेलं,
पाय तेवढे बाहेर, मोज्याला भोक.
'जरा अवघड आहे,' दुभाषी म्हणाली.
मला आता इतपत जपानी कळतं
की याचा अर्थ नाही.

खेळ सातव्या वर्षी आला.
माझा भाचा तेजेश त्या गल्लीत उभा राहिला,
दारापुढे बटण दाबलं, पुन्हा दाबलं.
कुलूप आहे, मावशी. किल्ली कुठं मिळते?
पुढं मिळेल, मी म्हणाले.

तो पळाला. जग वाचवायचं होतं.
मी मात्र बघत राहिले
बिजागरीखालचा तेलाचा ओघळ, बोटाएवढा,
जो मी घातला होता एका रात्री
कुणी सांगितलेलं नसताना, हजेरीत न लावता.

असा ओघळ
रोज उघडणाऱ्या दारालाच येतो.